आंबट्याची भावकी

दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर, सकाळी साडेसातच्या सुमारास, आपट्याहून मामाचा फोन येतो. "पेंढा घातला," एवढंच तो बोलतो आणि माझं 'बरं' ऐकायच्या आत फोन ठेवतो. एरवी मामा काही मितभाषी माणूस नाही. तळोज्याच्या कारखान्यांत माल नेणारे दोन ट्रक आहेत त्याचे, त्यामुळे दिवसभर तो कुणाशी ना कुणाशी फोनवर भांडत असतो. आंब्याची बातमी मात्र दोन शब्दांत. बाकीचं मला कळलेलंच असणार, हे त्याने गृहीत धरलंय.

यंदाचा फोन परवा आला. मी नवीन पनवेलच्या आमच्या सहाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. खिडकीतून समोरच्या नव्या टॉवरचं सिमेंट तेवढं घरात येतं, आंब्याचा वास येण्याची काही सोय नाही. तरी फोन ठेवल्याबरोबर मला तो आला. पहिल्या दिवशी, आंबे पेंढ्यात पिकत घातलेल्या अढीला नुसत्या पेंढ्याचा वास असतो, कोरडा, शेतातल्या दुपारचा. तिसऱ्या दिवशी त्यात चिकाचा तिखट वास मिसळतो. पाचव्या दिवशी घरात शिरणारा माणूस चप्पल काढता काढता थांबतो आणि "आंबा?" असं विचारतो. मग पुढे दोन दिवस घरातल्या कुणाचंच कशात लक्ष नसतं. पोळी करपली, हे मला लेकीने येऊन सांगितलं.

लेक पाच वर्षांची आहे. तिला मी सांगत असते की हा वास मी एकदा मोजायचा प्रयत्न केला होता, आणि त्या नादात माझा एक उन्हाळा गेला. गेला म्हणजे वाया नाही गेला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गोड उन्हाळा, आणि तो मला एका आंबट झाडाने दिला.

मामाच्या घरामागे, पाताळगंगेच्या बाजूला, दोन रायवळ आंबे आहेत. रायवळ म्हणजे कलम न केलेला, कोयीपासून आपसूक वाढलेला. पनवेलच्या बाजारात पेटीत बसून येणाऱ्या हापूसला गावाचं नाव असतं, शिक्का असतो, ऐट असते. रायवळाला फक्त हाक मारायचं नाव असतं, तेही शेजाऱ्यांनी ठेवलेलं. मामाकडे एक साखऱ्या आणि दुसरा आंबट्या. एकाच टोपलीतल्या दोन कोयी मामाच्या वडिलांनी एकाच पावसात लावल्या, असं घरात सांगतात. म्हणजे सख्खी भावंडंच. साखऱ्याचा आंबा अढीत सात दिवसांत पिवळाधमक होतो आणि खाणाऱ्याच्या कोपरापर्यंत ओघळ येतो. आंबट्याच्या वाट्याला कधी अढी आलीच नाही. एप्रिल संपायच्या आत त्याच्या कैऱ्या उतरवायच्या आणि लोणच्याला लावायच्या. त्याची फोड चाखणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटतो. मामाच्या घरची लोणच्याची बरणी सगळ्या आळीत नावाजलेली, पण झाडाचं कौतुक म्हणून कुणी कधी केलं नाही.

त्या घरात एक जुनी रीत आहे. सासरी गेलेल्या लेकीसाठी साखऱ्याची एक फांदी राखून ठेवतात. मोहोर येऊन कैरी धरली की त्या फांदीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीच्या फांदीवरचा आंबा विकायचा नाही, पाहुण्याला द्यायचा नाही, बाकीच्या फळांत मिसळायचा नाही. त्याचा पेंढा वेगळा, टोपली वेगळी. माझ्या आईची फांदी विहिरीच्या बाजूची. आमच्या लहानपणी ती टोपली पनवेलच्या घरी आली की आई आधी स्वतः एक आंबा खायची, पदर खोचून, मोरीत उभी राहून, आणि त्यानंतर आम्हाला द्यायची. एरवी सगळं आमच्यासाठी राखणारी आई तेवढ्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही.

आता माझ्या कामाविषयी सांगायला हवं. ते मी सांगू लागले की माणसं घड्याळ बघतात, म्हणून थोडक्यात सांगते. पानात साखर तयार होते, पण फळाची साखर फळात तयार होत नाही, ती पानातून आणावी लागते, आणि कैरीत ती पिठाच्या रूपात साठून पिकताना पुन्हा मोकळी होते. वाटेत पेशींच्या भिंतींना तेलाचा पातळ पडदा असतो आणि साखरेला तो ओलांडता येत नाही. म्हणून त्या पडद्यात दारं असतात. प्रथिनांची बनलेली, एकेका पदार्थाला ओळखणारी. साखरेचं दार निराळं, आंबटपणाच्या आम्लाचं निराळं, क्षारांचं निराळं. ही दारं घडवायची कृती ज्या जनुकांत लिहिलेली असते त्यांना वाहक जनुकं म्हणतात, आणि ती एकेकटी नसतात. त्यांची घराणी असतात. पुस्तकी भाषेत जनुककुटुंब. मला तो शब्द फार टापटीप वाटतो, फोटोला उभा राहिल्यासारखा. मी माझ्या वहीत 'भावकी' लिहायचे.

कारण ती खरोखर भावकीच होती. फार पूर्वी केव्हातरी एक जनुक होतं, त्याची नक्कल झाली, नकलेची नक्कल झाली. आंब्याच्या पूर्वजाने तर एकदा सगळं पुस्तकच्या पुस्तक दुप्पट करून ठेवलं. आता काही नकला एकाच आळीत घराला घर लागून राहतात, काही दूरच्या गुणसूत्रावर जाऊन स्थायिक झाल्या आहेत. एक भाऊ मुळांत काम करतो. एक मोहोरात माशीसाठी मधाचा थेंब ठेवतो. एकाला फळाचं काम आहे. आणि एखादा असतो, ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे पण तो कुठे असतो आणि काय करतो हे कुणालाच माहीत नाही. असा एक आमच्याही भावकीत आहे, लग्नपत्रिकेत नाव घालतात त्याचं.

पीएचडीसाठी मी हीच दोन झाडं घेतली होती. दोघांची पानं नेऊन त्यांचं जनुकांचं पुस्तक वाचून घेतलं, आणि मग सबंध पावसाळा आणि हिवाळा मी या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली, लॅपटॉपवर डीएनएची ती चार अक्षरं वाचत बसले. साखऱ्याची भावकी एका बाजूला, आंबट्याची दुसऱ्या. मला आंबट्याच्या पुस्तकातला बिघाड हवा होता. एखादं तुटलेलं दार, एखादं गळालेलं पान. म्हणजे सांगता आलं असतं की हे बघा, याच्यामुळे हा आंबट. डझनाहून जास्त साखरेची दारं मी एकेक करून तपासली आणि आंबट्याचं प्रत्येक दार शाबूत निघालं. ज्या दिवशी शेवटचंही शाबूत निघालं त्या दिवशी मी लॅपटॉप बंद केला आणि आंबट्याचा मला मनापासून राग आला. सगळं असून हा माणूस गोड का होत नाही, असा तो राग होता.

माझ्या मार्गदर्शक मॅडम शांत होत्या. "पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं. वाचलं कधी जातं ते फळात बघ," त्या म्हणाल्या. म्हणजे कैरी धरल्यापासून फळ पूर्ण तयार होईपर्यंत, ठरावीक दिवसांनी दोन्ही झाडांची फळं काढायची, तिथल्या तिथे गोठवायची, आणि कोणतं दार कोणत्या दिवशी उघडलं हे शोधायचं. आंब्याला वर्षातून एकदाच फळ येतं. एक मोसम चुकला की थेट पुढचा.

आणि आंबट्याला पुढचा मोसम नव्हता. मामाने दुसरा ट्रक घेतला होता, तो रस्त्यावर उभा करावा लागे आणि त्यावरून रोज तंटा होई. आंबट्या काढला की ट्रक थेट मागच्या अंगणात येणार होता. "पावसाच्या आत काढतो," असं मामाने जानेवारीतच जाहीर केलं. मी माझ्या अभ्यासाचं सांगितल्यावर त्याने मोठ्या मनाने मे अखेरपर्यंत मुदत दिली. मामीने विचारलं, "लोणचं?" तर म्हणाला, "बाजारात कैऱ्या मिळतात." त्या दिवशी मामीने त्याच्या ताटात लोणचं वाढलं नाही.

गंमत म्हणजे माझं काम घरात सगळ्यात आधी कळलं ते मामालाच. मी अंगणात बसून त्याला समजावत होते की ही जनुकं साखर इकडून तिकडे पोचवतात, तर तो एकदम सरसावून बसला. धंद्याचा विषय निघाला होता.

"भरतं कोण?" त्याने विचारलं.

"पान."

"नी उतरवून घेतं कोण?"

"फळ. दार उघडलं तर."

"मग माझी गाडी तळोज्याला गेटवर दोन-दोन दिवस उभी असते, तेव्हा गाडीत काय बिघाड असतो? गाडी झकास हाय. आतला माणूस गेट खोलत नाय." एवढं बोलून त्याने पंच्याने मान पुसली. मी हसले आणि ते वहीत लिहूनही ठेवलं नाही. त्या वेळी मला बिघाडच हवा होता.

फेब्रुवारीत कैऱ्या शेंगदाण्याएवढ्या झाल्या तेव्हा मी दोन्ही झाडांवर दोरे बांधले. लाल दोरा साखऱ्याला, हिरवा आंबट्याला, आणि प्रत्येकाला तारखेची छोटी चिठ्ठी. वरच्या फांद्यांवर गोमादादा चढले. गोमादादा कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरीवाडीतले. साठीला आले होते, पण शिडीकडे बघत नसत. आंबे उतरवायला ते मामाकडे वर्षानुवर्षं येत आलेत, आणि त्यांच्या हातचं फळ देठ तुटून कधी खाली आलेलं नाही. आंबट्यावर हिरवे दोरे बांधताना ते दोनदा थांबले आणि खाली माझ्याकडे बघून पुन्हा कामाला लागले. मला वाटलं, उन्हाने दमले असतील.

पंधरा दिवसांत कारण कळलं. माझं लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आंबट्याच्या कैऱ्यांना लेकीने दोरे बांधून ठेवलेत, ही बातमी आळीतून फिरली आणि लोकांनी आपला अर्थ लावला. मामी मला खाली बसू देईना. शेजारच्या काकूंनी खोबऱ्याची वडी पाठवली. आईचा फोन आला, आवाज घोगरा, "मला सगळ्यात शेवटी सांगणार होतीस का?" मी तिला वाहक जनुकांबद्दल पंधरा मिनिटं समजावलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "ते असू दे. पण दिवस गेलेत का नाही?" नाहीत म्हटल्यावर तिने माझ्या संशोधनावर जो राग धरला तो पुढे लेक होईपर्यंत सोडला नाही.

ते तीन महिने आठवले की मला अजून हुरूप येतो. पंधरवड्याने एकदा पहाटे स्कूटर काढायची. कर्नाळ्याच्या जंगलाशी आलं की हवा एकदम चार अंशांनी उतरते, हेल्मेटची काच वर करायची आणि एखादा पक्षी ओरडतोय का ऐकायचं. गोठवण्याच्या नायट्रोजनचा कॅन मामाच्या ट्रकमधून पुढे गेलेला असे. दुधाच्या कॅनसारखाच, फक्त झाकण उघडलं की पांढरा धूर अंगणभर पसरायचा. मामी प्रत्येक वेळी पदराने तोंड झाकून चार पावलं मागे जायची आणि धूर ओसरला की पुन्हा जवळ यायची. कैरी झाडावरून उतरवली की मिनिटभरात फोड करून आत टाकायची. बाहेर काढली की ती गोट्यांसारखी वाजायची. गोमादादांनी एकदा एक फोड हातात मागितली. मी नको म्हटलं, बोट भाजेल. "थंडीनं भाजंल?" असं म्हणून ते बराच वेळ त्या कॅनकडे संशयाने बघत राहिले.

मोहोराचा वास जाऊन कैरीचा आला, कैरीत कोय धरली, कोयीला कवच आलं. यंदापुरत्या आंबट्याच्या कैऱ्या लोणच्याला उतरवायच्या नाहीत, हे मी मामीला बजावून ठेवलं होतं. तिने शब्द पाळला आणि माझ्या दोऱ्यांना हात लावला नाही. शेवटची खेप मेच्या शेवटच्या रविवारी ठरली. पूर्ण तयार झालेलं, पण झाडावरच असलेलं फळ मला हवं होतं. सगळ्यात महत्त्वाची ती एकच खेप, तिच्यावाचून आधीच्या सगळ्या खेपा अर्धवट होत्या.

रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात गेले तर दोन्ही झाडं रिकामी. लाल दोरा नाही, हिरवा दोरा नाही, फळही नाही. मी आधी चुकीच्या फांदीखाली उभी आहे असं समजून झाडाभोवती फिरले. मग दुसऱ्या झाडाभोवती फिरले. मग तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसले आणि रडले. आंबट्या आठवड्याभरात जाणार होता, म्हणजे पुढच्या वर्षी मोजायला नुसता साखऱ्या उरणार, आणि एका झाडाची तुलना कशाशी करतात?

मामी धावत आली. तिला काही कळेना. गोमादादा ओसरीवर चहा पीत होते, तेही उठून आले. माझं बोलणं ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"काल वारा सुटला," ते म्हणाले. "बाकीचा आंबा उतरवला. तुजी चिंधी बांदलेली फळं वाऱ्यानं पडली असती तर मी काय तोंड दाकवलं असतं? म्हून ती पयली उतरवली. येकेक हातानं. नी येगळी ठेवली."

"चिंधी?"

"लेकीची चिंधी. दोरा झाला म्हून काय झालं."

त्यांनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात दोन नव्या टोपल्या होत्या, स्वच्छ पेंढ्याच्या, वर धुतलेलं गोणपाट. त्यांनी पेंढा बाजूला सारला. एकीत साखऱ्याचे आंबे, देठ खाली, लाल दोरे जसेच्या तसे. दुसरीत आंबट्याचे. हिरवे दोरे, माझ्या चिठ्ठ्या, एकही सुटलेली नाही. आंबट्याला अढीत घालणारे ते त्या घराच्या इतिहासातले पहिलेच असावेत. "माला बी वाटलं, ही आंबट काय खानार," गोमादादा अपराधी आवाजात म्हणाले. "पन लेकीनं दोरा बांदला तर आपुन इचारायचं नाय. पिकवायचं."

त्यावर रागवायचं कसं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही. मी डोळे पुसले आणि मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झाडावरचा शेवटचा दिवस गेला तो गेला. आता पेंढ्यातला प्रत्येक दिवस घे. रोज एक फळ, दोन्ही टोपल्यांतून."

म्हणून मामाकडून झाडासाठी आणखी आठवड्याची मुदत मागून घेतली आणि मी तिथेच राहिले. रोज सकाळी एक साखऱ्या, एक आंबट्या. साखऱ्या पाचव्या दिवशी वासाला आला, सातव्या दिवशी तयार. त्याची फोड मी कॅनमध्ये टाकायची आणि बाठा मामीने चोखायचा, असा करार होता. आंबट्या आठव्या दिवशीही तसाच. हिरवागार, टणक, आणि जिभेवर ठेवला तर डोळा मिटलाच. मी वहीत लिहिलं, 'फरक नाही,' आणि परत आले. टोपलीत आंबट्याची पाच फळं उरली होती. ती कुणालाच नको होती, म्हणून तिथेच राहिली.

पुढच्या शनिवारी मी नायट्रोजनचा कॅन परत न्यायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी करवतवाला येणार होता. अंगणातलं दोरीवरचं कपड्यांचं वाळवण काढून झालं होतं, मामीने तुळशीचं वृंदावन बाजूला सरकवून घेतलं होतं. मी चप्पल काढता काढता थांबले.

"मामी, साखऱ्या शिल्लक आहे?"

"नाय गो. कवाच संपला. मी पन सकाळपासून तेच शोधते."

वास साखऱ्याचा नव्हताच. त्यापेक्षा जड, थोडा वेलचीच्या अंगाचा. आम्ही दोघी नाक पुढे करून आतल्या खोलीत गेलो. टोपलीवरचं गोणपाट काढलं तर आत पाच आंबे, हिरवेच. पंधरवड्यापूर्वी होते त्याच रंगाचे. मामीने एकावर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला.

मामीने मामाला हाक मारली. तो फोनवर करवतवाल्याशीच बोलत होता, तसाच आला. मामीने आंबा कापला आणि आतून असा केशरी रंग बाहेर आला की आम्ही तिघंही जरा मागे झालो. आधी कुणी खायचं, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मामाने फोन कानाला तसाच ठेवून एक फोड तोंडात टाकली. त्याचा एक डोळा सवयीने मिटला, आणि मग हळूहळू उघडला.

त्याने दुसरी फोड घेतली. तिसरी घेतली. बाठा घेऊन तो अंगणात गेला आणि आंबट्याच्या बुंध्याशी उभा राहून त्याने तो पांढरा होईपर्यंत चोखला. फोनमधून करवतवाला अजून हॅलो हॅलो करत होता. मामा झाडाकडे बघत म्हणाला, "चाळीस वर्सं आमी याचं लोणचं घातलं." मग फोनमध्ये म्हणाला, "उद्या नको येऊस. नाय, परवा पन नको."

मामी आणि मी तोवर दुसरा आणि तिसरा आंबा संपवला होता. हनुवटीवरून रस ओघळत असताना मला अचानक आठवलं की मी संशोधक आहे आणि आपला पुरावा खाते आहे. उरलेले दोन मी मामीच्या हातातून अक्षरशः ओढून घेतले. कॅनच्या तळाशी अजून थोडा धूर होता.

ते दोन आंबे माझ्या प्रबंधातल्या आलेखाचे शेवटचे दोन ठिपके आहेत. आंबट्याचं आम्लाचं दार मिटायला आणि गोडीची दारं उघडायला वेळ लागतो, एवढंच त्यातून निघालं. मॅडम म्हणाल्या, दोन ठिपक्यांवर प्रबंध उभा राहत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मोज. पुढच्या वर्षी मोजायला झाड होतं. त्याच्याही पुढच्या वर्षी होतं. माझ्या प्रबंधाचा मूळ प्रश्न मात्र मला खोडावा लागला. हा आंबट का, असं मी विचारत होते, आणि तो आंबट नव्हता. मी वर्षभर त्याच्या पुस्तकात चूक शोधली, त्याआधी सगळ्यांनी चाळीस वर्षं त्याला नाव ठेवलं, आणि त्याला पेंढ्यात चौदा दिवस मात्र कुणी दिले नव्हते. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो पदवी मिळाल्यावर झाला नाही, आणि हे मी मॅडमनाही सांगितलंय.

मी आता कॉलेजात शिकवते, वर्गात समोर पोरं बसलेली असतात. एखादी अगदी मागच्या बाकावर, काही न उमगणारी. परीक्षा जवळ आली की माझ्या सहकारी तिला 'ढ' म्हणतात आणि पुढे जातात. मला त्या मुलीच्या जागी हिरवी साल दिसते आणि मी आणखी एकदा तोच धडा शिकवते. सगळ्याच पिकतात असा माझा दावा नाही. पण दिवस मोजायच्या आधी निकाल द्यायचा नाही, एवढं मी पाळते.

मामाचा दुसरा ट्रक अजून रस्त्यावरच उभा असतो आणि त्यावरून अजून तंटा होतो. लोणच्याच्या कैऱ्या बाजारातून येतात, मामी त्यांना नावं ठेवते. मामाचे फोन मात्र आता मोसमात दोन झालेत. पहिला "पेंढा घातला," आणि चौदाव्या दिवशी दुसरा, "वास सुटला." झाडाचं नाव बदलावं असं मी सुचवून पाहिलं होतं. गोमादादा नको म्हणाले. नाव बदललं तर त्याला कळणार नाही आपण कुणाला हाक मारतोय ते.

त्यांना आता झाडावर चढवत नाही. या फेब्रुवारीत लेकीला घेऊन गेले होते तेव्हा ते खाली काठी घेऊन बसले होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं, मामीच्या जुन्या साडीची चिंधी तिच्या हातात दिली आणि काठीने वर दाखवलं. आंबट्याची, नदीकडची, खाली वाकलेली फांदी. "ती तुजी," ते म्हणाले. मी तिला उचलून धरलं आणि तिने तिच्या पाच वर्षांच्या बोटांनी तीन गाठी मारल्या. माझी आई शेजारी उभी होती. साखऱ्यावरच्या स्वतःच्या फांदीकडे आणि त्या नव्या चिंधीकडे ती आलटून पालटून बघत राहिली, आणि म्हणाली, "हिची जास्त गोड निघणार."

परवाच्या फोननंतर लेकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खडूने रेघा मारायला घेतल्या आहेत. सकाळी उठली की दात घासायच्या आधी एक रेघ मारते आणि येऊन विचारते, आता पिकला असेल? मी म्हणते, हिरवाच असेल. ती म्हणते, बाहेरून. मग आम्ही दोघी हसतो. आज तिसरी रेघ आहे, आणि आम्हाला काही घाई नाही.